छायाचित्राचे आयुष्य आणि घरचा प्रिंटर

बहुतेक घरांतील जुना अल्बम उघडला, तर एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे कृष्णधवल छायाचित्र अद्याप सुस्पष्ट असते; फेट्याची घडी आणि शालूचा काठ त्यात स्वच्छ ओळखता येतो. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी काढलेले रंगीत छायाचित्र मात्र तांबूस पडलेले असते, आणि त्यातील आकाशाचा निळेपणा कधीच नाहीसा झालेला असतो. हा काही योगायोग नव्हे. कृष्णधवल छायाचित्रातील प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची बनलेली होती. रंगीत छायाचित्रातील प्रतिमा सेंद्रिय रंजकांची होती, आणि त्या काळच्या अनेक कागदांतील निळसर रंजक बंद पेटीच्या अंधारातसुद्धा हळूहळू विघटन पावत असे. निळसर रंग उडाला म्हणजे मागे तांबडेपणा उरतो. तात्पर्य, प्रतिमा कोणत्या द्रव्याची बनली आहे, यावर तिचे आयुष्य अवलंबून असते.

छायाचित्र कागदावर उतरविण्याचे काम आता स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीतून घरातील मेजावर आले आहे. प्रिंटर घेताना ग्राहकापुढे जे आकडे ठेवले जातात, ते बहुधा बिंदूंच्या संख्येचे, वेगाचे आणि किमतीचे असतात. चित्र कशाचे बनणार आणि ते किती काळ राहणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः छायाचित्रासाठी प्रिंटर निवडणे म्हणजे शाई आणि कागद यांची जोडी निवडणे होय. यंत्राचे इतर गुण त्यानंतर येतात.

थेंब कसा सुटतो?

घरगुती वापरात उत्तम छायाचित्रे देणारे बहुतेक प्रिंटर शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडवितात; त्यांना इंकजेट प्रिंटर असे नाव आहे. द्रवाची धार तुटून तिचे थेंब का होतात, याचे गणित लॉर्ड रॅली या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७८ साली मांडले होते. परंतु हवा तेव्हा आणि हव्या त्या जागी नेमका एकच थेंब सोडण्याची युक्ती साधण्यास त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली.

या युक्तीचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात प्रत्येक छिद्रामागे एक अतिसूक्ष्म तापक असतो. विजेचा झटका मिळताच त्याचा पृष्ठभाग सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो. त्याला लागून असलेली शाई उकळून बुडबुडा होतो, आणि तो बुडबुडा पुढची शाई छिद्राबाहेर ढकलतो. ही पद्धत जपानमधील कॅनन कंपनीत १९७७ साली आणि अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९७९ साली स्वतंत्रपणे हाती लागली. दुसऱ्या प्रकारात उष्णतेचा संबंध नसतो. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युत् निर्माण होते, हे पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखविले. याच्या उलट, अशा पदार्थाला विद्युत् दाब दिल्यास तो किंचित वाकतो. या वाकण्याने शाईच्या कोठीला चिमटा बसतो आणि थेंब बाहेर पडतो. एप्सन या जपानी कंपनीचे प्रिंटर या दाबविद्युत् तत्त्वावर चालतात.

दोन्ही पद्धतींनी उत्कृष्ट छायाचित्रे निघतात. म्हणून केवळ पद्धतीवरून एकीला श्रेष्ठ व दुसरीला कनिष्ठ ठरविणे योग्य नाही. एक व्यावहारिक भेद मात्र ध्यानात ठेवावा. तापकाच्या पद्धतीत छिद्रे असलेले मस्तक पुष्कळदा बदलता येते. दाबविद्युत् पद्धतीत ते बहुधा यंत्राच्या आयुष्याइतके टिकावे अशा बेताने कायमचे बसविलेले असते. छिद्रे कायमची बुजल्यास होणारा खर्च दोहोंत सारखा नसतो.

बिंदूंचे आकडे आणि डोळ्याची मर्यादा

छायाचित्रासाठी वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्म थेंबाचे आकारमान दोन ते चार पिकोलिटर असते. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक पिकोलिटर. चार पिकोलिटरच्या थेंबाचा व्यास सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग भरतो. माणसाचा केस याच्या तीन-चार पट जाड असतो.

जाहिरातीत ‘४८०० गुणिले १२००’ असे आकडे आढळतात. हे आकडे एका इंचात थेंब ठेवण्याच्या किती जागा आहेत ते सांगतात. चित्रात किती तपशील आहे ते सांगत नाहीत. निरोगी डोळ्याला साधारणतः एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाइतका तपशील वेगळा ओळखता येतो. तीस सेंटिमीटर अंतरावर हा तपशील मिलिमीटरच्या सुमारे ८७ सहस्रांश भागाएवढा होतो. म्हणून हातात धरून पाहावयाच्या छायाचित्रात एका इंचात सुमारे ३०० चित्रबिंदू असले, म्हणजे पुरेसे झाले. या हिशोबाने ४ गुणिले ६ इंचांच्या छायाचित्रास सुमारे २१ लाख ६० हजार चित्रबिंदू लागतात आणि ए-फोर आकाराच्या पूर्ण पानास सुमारे ८७ लाख. एवढी क्षमता आजच्या सामान्य कॅमेऱ्यातही असते.

मग ४८०० हा आकडा व्यर्थ आहे काय? तसेही नाही. प्रत्येक थेंब एकाच रंगाचा असतो; त्यामुळे गालावरची हलकी छटा साधण्यासाठी एका चित्रबिंदूच्या जागेत अनेक थेंबांची जुळणी करावी लागते. ४८०० गुणिले १२०० जागांच्या यंत्रात ३०० च्या प्रत्येक चित्रबिंदूसाठी आडव्या १६ आणि उभ्या ४, अशा एकूण ६४ जागा उपलब्ध होतात. छटांची संख्या वाढते ती यामुळे. परंतु एका मर्यादेपुढे हा आकडा वाढवून डोळ्याला काहीच लाभ होत नाही.

किती शाया असाव्यात?

पडद्यावर रंग प्रकाशाच्या बेरजेने तयार होतात, तर कागदावर ते वजाबाकीने होतात. निळसर-हिरवी म्हणजे सायन शाई तांबडा प्रकाश शोषून घेते, किरमिजी शाई हिरवा, आणि पिवळी शाई निळा. या तिन्हींच्या जोडीला काळी शाई देऊन चार शायांचा संच होतो. पत्रे आणि तक्ते छापण्यास हा संच पुरतो. छायाचित्रात मात्र चेहरा, ढग आणि पांढरी भिंत अशा फिकट भागांत गडद शाईचे विरळ थेंब रवाळ दिसतात. हा दोष घालविण्यासाठी सहा शायांच्या अनेक यंत्रांत फिकट सायन व फिकट किरमिजी या शायांची भर घातलेली असते. याहून वरच्या यंत्रांत करड्या शायाही असतात. कृष्णधवल छायाचित्रात हिरवट किंवा जांभळट झाक येऊ न देण्याचे काम मुख्यतः या करड्या शाया करतात.

चार शायांच्या यंत्राविषयी एक प्रश्न खरेदीपूर्वी अवश्य विचारावा. कार्यालयीन कामाच्या अनेक प्रिंटरांत काळी शाई रंगद्रव्याची आणि रंगीत शाया रंजकाच्या असतात. अशी काळी शाई साध्या कागदासाठी योजलेली असते, चकचकीत कागदावर ती नीट धरत नाही. त्यामुळे छायाचित्र छापताना यंत्र तिचा उपयोग बहुधा टाळते आणि तीन रंग मिसळून काळा रंग करते. अशा काळ्या रंगाला खोली येत नाही.

रंजक आणि रंगद्रव्य

आता मुख्य प्रश्न. शाई दोन जातींची असते. रंजकाची, म्हणजे बाजारात जिला ‘डाय’ म्हणतात ती शाई, पाण्यात साखर विरघळावी तशी पूर्ण विरघळलेली असते. तिचे रेणू सुटे-सुटे असतात. रंगद्रव्याच्या, म्हणजे ‘पिगमेंट’च्या शाईत रंगाचे न विरघळणारे कण तरंगत असतात. कणाचा आकार मिलिमीटरच्या दहासहस्रांश भागाएवढा असला, तरी अशा एका कणात हजारो रेणू दाटीने बसलेले असतात.

प्रकाश, ओझोन आणि दमटपणा हे रंगाचे तीन शत्रू होत. सुट्या रेणूवर यांचा आघात झाला की तो रेणू निकामी होतो. कणावर आघात झाला, तर वरच्या थरातील रेणू नष्ट होतात. आतले सुरक्षित राहतात. पावसाच्या एकाच सरीत सुटी वाळू वाहून जाते आणि दगड जागच्या जागी राहतो, तसाच हा प्रकार आहे.

या भेदाची किंमत किती मोठी असू शकते, हे २००० साली दिसून आले. त्या वर्षी एका प्रसिद्ध कंपनीच्या सहा शायांच्या छायाचित्र-प्रिंटरांची विलक्षण वाहवा झाली होती. शाई रंजकाची होती, कागद चकचकीत आणि तत्काळ वाळणारा होता, आणि प्रकाशात रंग सुमारे १० वर्षे टिकतील असे सांगण्यात आले होते. परंतु काही ग्राहकांची छायाचित्रे काही आठवड्यांतच, तर काहींची काही दिवसांतच नारिंगी पडू लागली. चमत्कार असा की, एकाच घरातील काचेमागची छायाचित्रे शाबूत राहिली आणि वाऱ्यावर उघडी ठेवलेली बिघडली. दोषी प्रकाश नव्हता. हवेतील ओझोन होता. त्या कागदाचा सच्छिद्र थर शाई चटकन शोषून घेई, पण त्याच छिद्रांतून हवाही आत शिरे आणि सायन रंजकाचा नाश करी. चाचणी एका शत्रूची झाली होती. घात दुसऱ्याने केला.

कलेच्या क्षेत्रालाही हा धडा मिळालेला होता. गायक ग्रॅहॅम नॅश आणि त्याचा सहकारी मॅक होल्बर्ट यांनी १९९१ साली कॅलिफोर्नियात ‘नॅश एडिशन्स’ हे मुद्रणगृह काढले. तेथे वापरलेले आयरिस यंत्र मूलतः छापखान्यातील रंगीत नमुने काढण्यासाठी बनविलेले होते. नमुना काही दिवस टिकला तरी काम भागते. म्हणून त्याच्या प्रारंभीच्या शाया टिकाऊ नव्हत्या. चित्रे दिवाणखान्यात टांगली जाऊ लागली, तेव्हा अधिक टिकाऊ शायांचा शोध घेणे भाग पडले. या मुद्रणगृहाचे एक आयरिस यंत्र २००५ साली स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयास देण्यात आले.

यावरून रंजकाची शाई टाकाऊ आहे, असे मात्र समजू नये. २००० नंतर रंजकांत पुष्कळ सुधारणा झाली आहे. रंजकाच्या शाईने रंग तेजस्वी येतात, चकाकी सर्वत्र एकसारखी राहते आणि खर्चही कमी येतो. उलट रंगद्रव्याची शाई चकचकीत कागदावर कोठे चमकदार तर कोठे मंद दिसू शकते, आणि तिचा पृष्ठभाग नखाने लवकर ओरखडतो. अल्बममध्ये किंवा काचेमागे राहावयाच्या छायाचित्रास सुधारलेले रंजक पुरे होते. भिंतीवर उघड्यावर राहावयाच्या, विकावयाच्या किंवा पुढील पिढीसाठी जपावयाच्या छायाचित्रास रंगद्रव्यच घ्यावे.

कागदाची बाजू

शाईइतकेच महत्त्व कागदाला आहे. साध्या कागदाचे तंतू शाई ओढून पसरवितात. म्हणून उत्तम प्रिंटरही त्यावर निस्तेज दिसतो. छायाचित्राच्या कागदावर लेप असतो. फुगणाऱ्या लेपात जिलेटीनसारखा पदार्थ असतो. तो शाईला आत घेऊन मिटतो. असे छायाचित्र सावकाश वाळते, पण ओझोनपासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहते. सच्छिद्र लेपात सिलिका किंवा ॲल्युमिना यांचे कण असतात. तो तत्काळ कोरडा होतो, आणि रंगद्रव्याच्या शाईशी त्याचे उत्तम जमते. बाजारातील बहुतेक चकचकीत कागद या दुसऱ्या जातीचे असतात.

अतिशय पांढऱ्या शुभ्र कागदाचा मोह आवरावा. त्या शुभ्रपणासाठी बहुधा प्रदीपक रसायने घातलेली असतात. ती कालांतराने निष्प्रभ होतात आणि कागद पिवळट भासू लागतो. दीर्घकाळ जतन करावयाच्या चित्रांसाठी आम्लरहित सुती कागद सर्वांत विश्वासाचा होय.

प्रिंटरच्या आज्ञावलीत कागदाचे नाव अचूक निवडावे. त्या नावावरून यंत्र शाईचे प्रमाण ठरविते. नाव चुकले, तर उत्तम कागदावरही शाई साचते किंवा कमी पडते. पडद्यावरचे चित्र उजळ आणि छापलेले काळवंडलेले, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे कारण बहुधा प्रिंटर नसतो. पडद्याचा प्रकाश गरजेपेक्षा अधिक ठेवलेला असतो. तो कमी करून पाहावा, म्हणजे शाई आणि कागद दोन्ही वाचतात.

‘शंभर वर्षे टिकणारे’ म्हणजे काय?

छायाचित्र खरोखर शंभर वर्षे ठेवून कोणी पाहिलेले नसते. ते प्रखर प्रकाशाखाली ठेवून, त्याचा रंग किती उडाला ते मोजून, त्यावरून गणित करतात. अमेरिकेतील हेन्री विल्हेल्म यांच्या प्रयोगशाळेने भिंतीवरच्या चित्रावर दररोज बारा तास ४५० लक्स प्रकाश पडतो असे गृहीत धरले. कोडॅक कंपनीने त्याच कामासाठी १२० लक्स धरले. या दोन गृहीतांत पावणेचार पटींचा फरक आहे. म्हणजे एकाच छायाचित्राला एक हिशोब २० वर्षांचे आयुष्य देईल, तर दुसरा ७५ वर्षांचे. म्हणून वर्षांचा आकडा वाचताना तो किती प्रकाशाचा, काचेमागचा की उघड्यावरचा, आणि कोणत्या कागदावरचा, हे तीन प्रश्न विचारावेत.

भर दुपारच्या थेट उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. अशा उन्हाचा एक तास म्हणजे ४५० लक्सच्या हिशोबाचे अठराहून अधिक दिवस होत. पूर्वेच्या खिडकीसमोर टांगलेल्या छायाचित्राचे आयुष्य प्रिंटर बनविणारा ठरवीत नाही. ते खिळा ठोकणारा ठरवितो. शिवाय अशा चाचण्यांत हवेची आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास धरलेली असते. मुंबई, कोची किंवा कोलकाता येथे पावसाळ्यात ती ऐंशी टक्क्यांपुढे सहज जाते. अशा हवेत रंजकाची शाई कडांना पसरते आणि बुरशीही धरते. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी रंगद्रव्याकडे अधिक ओढ ठेवावी, ती याचसाठी.

उष्णतेने उतरणारे रंग

इंकजेटखेरीज आणखी एक पद्धत घरगुती वापरात आहे. तीत पिवळ्या, किरमिजी व सायन रंगांची पातळ फीत तापवून रंजक कागदाच्या थरात उतरवितात आणि शेवटी त्यावर पारदर्शक संरक्षक थर चढवितात. एका इंचात बिंदू ३०० च असले, तरी उष्णता कमी-अधिक करून प्रत्येक बिंदूची छटा बदलता येते. म्हणून चित्र रवाळ दिसत नाही. छिद्रे नसल्यामुळे ती बुजण्याचा प्रश्न नाही. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिले तरी पहिले छायाचित्र स्वच्छ निघते. फीत व कागद मोजून एकत्र मिळत असल्याने खर्च आधी कळतो. मात्र आकार बहुधा पोस्टकार्डाएवढाच असतो. शिवाय वापरलेल्या फितीवर चित्राचा ठसा राहतो; तेव्हा खाजगी छायाचित्रांची फीत फेकण्यापूर्वी कापून टाकावी.

लेसर प्रिंटर पत्रव्यवहारास उत्तम होय. परंतु त्याची भुकटी छायाचित्रातील मृदू छटा तितक्या नजाकतीने दाखवू शकत नाही.

खर्चाचा हिशोब

यंत्र स्वस्त आणि शाई महाग, असा व्यापाराचा एक जुना रिवाज आहे. २०१० पासून बाटलीतून शाई भरावयाच्या टाकीचे प्रिंटर बाजारात आले आणि शाईचा खर्च पुष्कळ उतरला. तरीही ‘इतकी पाने निघतात’ हा आकडा जपून घ्यावा. तो बहुधा कार्यालयीन पानांचा असतो. त्यांत बराचसा कागद कोराच राहतो. छायाचित्रात कागद काठापासून काठापर्यंत शाईने भरतो.

हिशोब सोपा आहे. समजा, यंत्र १५,००० रुपयांचे आहे. पाच वर्षांत १,००० छायाचित्रे काढली, तर शाई व कागद सोडून दर छायाचित्रामागे १५ रुपये पडतात. १०० च काढली, तर १५० रुपये पडतात. शिवाय न वापरलेल्या यंत्रात शाई वाळते, आणि छिद्रे साफ करताना यंत्र स्वतःच शाई खर्च करते. उष्ण व कोरड्या प्रदेशात आठवड्यातून एकदा तरी सर्व रंगांचे छोटे पान छापावे. ज्यांना वर्षातून वीस-पंचवीसच छायाचित्रे हवी आहेत, त्यांनी प्रिंटर घेण्यापेक्षा चांगल्या स्टुडिओत जावे, हाच प्रामाणिक सल्ला होय.

निवड

आता सर्व धागे एकत्र आणता येतील. प्रवासाची व सणासमारंभाची लहान छायाचित्रे अधूनमधून काढावयाची असतील, तर फितीचे छोटे यंत्र सोयीचे. दर आठवड्यास छपाई होत असेल आणि छायाचित्रे अल्बममध्ये जाणार असतील, तर रंजकाच्या सहा शायांचे टाकीचे यंत्र पुरेसे. मोठ्या आकाराची, भिंतीवरची वा प्रदर्शनाची छायाचित्रे हवी असतील, तर आठ किंवा अधिक शायांचे रंगद्रव्याचे यंत्र घ्यावे. त्याची किंमत अधिक असते, म्हणून दोन-तीन मित्रांनी किंवा शाळेने मिळून घेणे शहाणपणाचे. चौथ्या कोणत्याही यंत्राची शिफारस कोणी केली, तर शाई कोणती, काळी शाई चकचकीत कागदावर वापरली जाते काय, आणि मस्तक बदलता येते काय, हे विचारून मगच उत्तर द्यावे.

घरची कसोटी

कोणत्याही शाईची व कागदाची परीक्षा शाळेतील विद्यार्थ्यांनाही करता येते. आकाश, चेहरा आणि करड्या छटांची पट्टी असलेले एकच चित्र चार वेळा छापावे आणि एक दिवस वाळू द्यावे. पहिले दक्षिणेच्या खिडकीत काचेमागे, अर्धे जाड पुठ्ठ्याने झाकून लावावे. दुसरे सावलीत, पण वाहत्या हवेत उघडे टांगावे. तिसरे न्हाणीघराजवळच्या दमट जागी ठेवावे. चौथे कोरड्या पाकिटात कपाटात ठेवावे. मागे तारीख, शाई व कागद यांची नोंद करावी. तीन महिन्यांनी चारही शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावीत. पहिल्यावरून प्रकाशाचा, दुसऱ्यावरून ओझोनचा आणि तिसऱ्यावरून दमटपणाचा परिणाम कळतो. चौथे तुलनेसाठी असते. जाहिरातीतील आकड्यांपेक्षा हा पुरावा अधिक विश्वसनीय, कारण तो त्याच गावच्या हवेत मिळालेला असतो.

छापलेले छायाचित्र चिकट पानांच्या आणि पीव्हीसीच्या आवरणांच्या अल्बमात ठेवू नये. आम्लरहित कागदाच्या अल्बमात किंवा पाकिटात ठेवावे. पाकिटावर चित्रातील माणसांची नावे, स्थळ व साल लिहून ठेवावे. रंग शाबूत राहिला आणि नावे विस्मरणात गेली, तर पुढच्या पिढीच्या हाती केवळ अनोळखी चेहरे पडतील.